पुढे १३५, मागे १५५

गिरगावात जिला सगळे ‘डबी’ म्हणतात, ती गाडी माझ्या आतेभावाच्या मते स्पोर्ट्‌स कार आहे. तो हे गमतीने म्हणाला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तो पुरावे देतो. इंजिन मागे. ताकद मागच्या चाकांना. पुढचे टायर अरुंद, मागचे रुंद. वजन जेमतेम सहाशे किलो. एवढं बोलून तो थांबतो आणि समोरच्याला विचारतो, “अशी दुसरी गाडी सांग.” समोरचा गप्प. मग तोच सांगतो, “पोर्श ९११. पण ती दीड टनाची. आपली हलकी.”

‘आपली’ म्हणजे टाटा नॅनो. पिवळी. फणसवाडीत, म्युनिसिपालिटीचा नळ आणि गणपतीच्या मांडवाचे बांबू यांच्या मधे उभी. २३ मार्च २००९ रोजी ही गाडी बाजारात आली तो सोहळा मरीन ड्राइव्हवरच्या पारशी जिमखान्यात झाला, म्हणजे आत्याच्या घरापासून पायी जाऊन बघण्यासारखा. मागणी इतकी आली, की पहिल्या लाखभर गाड्यांसाठी सोडत काढावी लागली. मुंबईत सोडतीत लागतं ते म्हाडाचं घर, आणि तेही नेहमी दुसऱ्याला. आतेभावाला गाडी लागली. आत्याने सत्यनारायण घातला. वाडीतल्या एका जाणत्या गृहस्थांनी बॉनेट उघडून पाहिलं, आत नुसती स्टेपनी दिसली, तेव्हा त्यांनी प्रसाद खाता खाता हळूच सांगितलं, “एक लाखात इंजिन देत नसतील.”

देशात हलकी स्पोर्ट्‌स कार कुणी केलीच नाही असं नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सॅन मोटर्सची ‘स्टॉर्म’ आली होती. फायबरचं अंग, दोन माणसं, रेनोचं बाराशे सीसीच्या आतलं इंजिन आणि डोक्यावर उघडं आकाश. ज्या प्रदेशात जूनपासून चार महिने छत्रीशिवाय दूध आणायला जाता येत नाही, तिथे बिनछपराची गाडी विकणाऱ्यांच्या धाडसाला माझा नमस्कार आहे. साहेबाच्या देशात याच सुमारास, १९९६ मध्ये, लोटसची ‘एलिस’ आली. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांची शिकवण अशी, की गाडीची ताकद वाढवली तर ती सरळ रस्त्यावर जोरात पळेल, पण वजन कमी केलं तर सगळीकडेच पळेल. पहिली एलिस सव्वासातशे किलोच्या आसपास होती. हा आकडा आतेभावाला कळला तो दिवस घरच्यांना चांगला आठवतो. त्या दिवसापासून नॅनो पोर्शच्या वर्गातून उठून लोटसच्या वर्गात जाऊन बसली, आणि तिथेही पहिली आली. एलिसचं इंजिन एकशेअठरा अश्वशक्तीचं आणि नॅनोचं पस्तीसच्या आसपास, या तपशिलाला तो ‘ते आपलं नंतर बघू’ म्हणतो.

ही सगळी करमणूक बिनखर्चाची होती, तोवर ठीक होतं. पण गाडीला पंधरा वर्षं झाली की ताडदेवच्या आरटीओत जाऊन पुन्हा पासिंग करून घ्यावं लागतं, आणि पासिंगला न्यायच्या गाडीचे टायर बरे असावे लागतात. आतेभावाने वाकून बघितलं. टायरची नक्षी शाबूत होती. कायद्याला खोबणीची खोली १.६ मिलिमीटर लागते, इथे त्याच्या कितीतरी पट होती. मात्र बाजूच्या भिंतीला बारीक बारीक भेगा पडल्या होत्या. यात नवल काहीच नाही. ही गाडी रविवारी दादरला जाते, अंगारकीला सिद्धिविनायकाला जाते, आणि एरवी जागा जाऊ नये म्हणून जागेवरच असते. गिरगावात टायर घासून मरत नाही. तो उभ्या उभ्या म्हातारा होतो. रबराला धावण्यापेक्षा ऊन आणि हवा जास्त बाधते, आणि वर्षानुवर्षं एकाच बाजूवर भार आला की तो भाग चपटा होतो. मग रविवारी गाडी निघाली की पहिला मैलभर चाक थडथडतं. आतेभाऊ त्याला ‘सस्पेन्शन स्पोर्टी आहे’ असं म्हणायचा.

तर टायर घ्यायचे ठरलं. मला बोलावण्यात आलं, कारण मी दादरला राहतो आणि मला मत आहे.

टायरवर जो आकडा असतो त्याच्याइतकं विचित्र लिखाण मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. १३५/७० आर १२. यातले एकशेपस्तीस म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. सत्तर म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या टक्क्यांमध्ये. बारा म्हणजे रिमचा व्यास, आणि तो इंचांत. मधला ‘आर’ म्हणजे रेडियल, जरी निम्मी मुंबई त्याला रेडियस समजत असली तरी. एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच गुण्यागोविंदाने राहतात, एवढा सलोखा आमच्या सोसायटीच्या कमिटीत नाही. पुढे आणखी एक आकडा आणि एक अक्षर असतं. आकडा वजनाचा: ६५ लिहिलं असेल तर त्या टायरने २९० किलो पेलायचे. अक्षर वेगाचं: ‘एस’ असेल तर ताशी १८० किलोमीटर. नॅनो जास्तीत जास्त १०५ जाते. वरचे पंचाहत्तर किलोमीटर आपण भरलेल्या पैशांत येतात आणि कधीच वापरले जात नाहीत.

आणि एका कोपऱ्यात चार आकड्यांची जन्मपत्रिका असते. १२१६ म्हणजे २०१६ सालचा बारावा आठवडा. ही वाचता येणारा गिऱ्हाईक दुकानदाराला आवडत नाही. बाकीचे लोक ‘नवीन माल आहे ना?’ असं विचारतात आणि ‘एकदम नवीन’ हे उत्तर ऐकून घरी जातात. आतेभाऊ मोबाइलचा टॉर्च लावून टायरच्या ढिगाऱ्यात डोकं घालतो आणि आतून ओरडतो, “हा तीन वर्षांचा आहे!” ऑपेरा हाउसजवळच्या ज्या दुकानात आम्ही प्रथम गेलो, तिथल्या शेठनी यावर शांतपणे चहा मागवला. मोटारीचे सुटे भाग विकणाऱ्यांची ही जुनी पेठ. इथे माणसं एवढ्या तेवढ्याने हलत नाहीत.

“गाडी कौनसी?”

“स्पोर्ट्‌स,” आतेभाऊ म्हणाला.

“नॅनो,” मी म्हणालो.

शेठनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “पीछे का मिलेगा. आगे का साइझ अब कोई मांगता नहीं. चारों एकसौ पचपन डाल दो. गाडी भी अच्छी दिखेगी.”

हा सल्ला वाईट नाही. पुष्कळ नॅनोवाल्यांनी तेच केलं आहे. काहींनी पुढे मारुती ८०० चा १४५ चा टायर बसवला. पण आतेभावाने तिथेच, चहाचा ग्लास शेठच्या टेबलावर ठेवून, नॅनोचं शास्त्र सांगायला घेतलं, आणि खरं सांगायचं तर ते शास्त्र बरोबर आहे. इंजिन मागे असलं की गाडीची पाठ जड असते. जोरात वळलं तर पाठ बाहेर जायला बघते, आणि एकदा गेली की साध्या माणसाला ती आवरत नाही. म्हणून कंपनीने पुढची पकड मुद्दाम कमी ठेवली, मागची जास्त. म्हणजे वळणावर पहिल्यांदा नाक सुटतं, माणूस घाबरतो, पाय आपोआप वर येतो आणि सगळे वाचतात. पुढेही रुंद टायर घातले तर हा हिशोब बिघडतो. शिवाय पॉवर स्टिअरिंग नाही. शिवाय १३५/७० चा व्यास साधारण ४९४ मिलिमीटर आणि १५५/६५ चा ५०६. म्हणजे नाक सहा मिलिमीटर वर जाणार.

“छे एमएम,” शेठ म्हणाले. “खड्डे में अच्छा है.”

आत्याला घरी येऊन हे सगळं पुन्हा सांगण्यात आलं. ती वाटाणे सोलत होती. “वाडीच्या तोंडाशी गाडी वळवायला तुला दहा मिनिटं लागतात,” ती म्हणाली. “दोन माणसं हात दाखवायला लागतात. पाठ जाऊन जाऊन जाईल कुठे?”

कोणत्या कंपनीचे घ्यायचे, हा यापेक्षा नाजूक प्रश्न होता. मुंबईबाहेरच्या वाचकांना कल्पना नसेल, पण आमच्याकडे टायरची ओळख रस्त्यावर होत नाही, मैदानावर होते. नव्वदच्या दशकात सचिनच्या बॅटवर ‘एमआरएफ’ आलं आणि शिवाजी पार्कावरच्या यच्चयावत पोरांनी आपापल्या बॅटवर ती तीन अक्षरं चिकटवली. स्टिकर न मिळालेल्यांनी स्केचपेनने काढली. त्या पोरांपैकी निम्म्यांना ही टायरची कंपनी आहे हे पुढे कित्येक वर्षं माहीत नव्हतं. ती बॅटीची कंपनी आहे असाच समज होता. तसं पाहिलं तर तिची सुरुवातही रस्त्यापासून लांबच झाली: १९४६ मध्ये मद्रासला लहान मुलांचे फुगे बनवण्यापासून. पुढे रोहित शर्माच्या बॅटवर ‘सीएट’ आलं. ही मूळची इटलीतल्या ट्युरिनची, पण कारखाना भांडुपला आणि कचेरी वरळीला, म्हणजे आतेभावाच्या भाषेत ‘घरचीच’. त्यामुळे आमच्या घरात एका बाजूला शिवाजी पार्क आणि दुसऱ्या बाजूला बोरिवली असा सामना लागला. ओल्या रस्त्यावर कुठला टायर लवकर थांबतो, आवाज कुणाचा कमी, रबर कुणाचं मऊ, या गोष्टी कुणी विचारल्याच नाहीत. सरासरी कुणाची जास्त, यावर मात्र जेवणं थंड झाली.

लालबागच्या मामांना दोन्ही पक्ष मान्य नव्हते. मामांचे वडील शिवडीला फायरस्टोनच्या कारखान्यात होते. त्या काळी लालबाग-परळमध्ये माणूस संध्याकाळी घरी आला की तो कुठे काम करतो हे विचारावं लागत नसे, असं मामा सांगतात. गिरणीतला असेल तर केसांत, भुवयांत पांढरा कापूस. टायरवाला असेल तर आपादमस्तक काळा. रबर मुळात काळं नसतं. त्याला बळ यावं म्हणून काजळी मिसळतात, आणि ती काजळी टायरमध्ये जाते तितकीच कामगाराच्या नखांत जाते. मामांच्या आजीने म्हणे लग्नाच्या बोलणीत ‘मुलगा गोरा आहे, रविवारी येऊन बघा’ असं कळवलं होतं. पुढे फायरस्टोन गेली, तिची बॉम्बे टायर झाली, नंतर मोदीस्टोन झाली, आणि मग तीही गेली. मागे उरला तो १९८३ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. माल कारखान्यातून बाहेर पडल्यावरचा कुठला खर्च अबकारी करासाठी किमतीत धरायचा, यावर सरकार आणि बॉम्बे टायर यांच्यात तो झाला. करखात्याचे वकील तो अजून वाचतात. मामा म्हणतात, “टायर फाटले, कारखाना फाटला, कागद टिकला.” त्यांच्या मते शिवडी बंद झाल्यावर टायर विकत घेण्यात अर्थच उरलेला नाही, आणि जुन्यालाच रबर चढवून घ्यावं. ते स्वतः ज्या फियाटमधून हिंडले तिचे टायर असे रबर चढवूनच चालले. हलक्या गाडीला रिट्रेडचं जड चाक चालणार नाही, असं आतेभाऊ म्हणाला. मामा म्हणाले, “फियाटला चाललं, डबीला चालत नाही?” त्यानंतर दोघं काही काळ बोलत नव्हते.

त्या काळात आतेभाऊ विलायती टायरांबद्दल वाचत बसला. एलिसवाल्यांचं जग निराळंच. ते लोक योकोहामाचे आणि टोयोचे असे टायर वापरतात, की ज्यांच्यावर नक्षी जवळजवळ नसतेच. कायद्याची लाज राखण्यापुरत्या चार रेघा. रबर इतकं मऊ की कोरड्या रस्त्याला चिकटून बसतं आणि एका उन्हाळ्यात संपतं. हलक्या गाडीची गोम अशी, की वजनच नसल्यामुळे टायर तापत नाहीत, आणि असले टायर तापल्याशिवाय धरत नाहीत. म्हणून मुद्दाम मऊ रबर शोधायचं. टायरच्या भिंती फार कडक असल्या तर गाडी प्रत्येक खडीवर उडते, कारण तिला दाबून धरायला वजन कुठे आहे? शिवाय चाकातला एक किलो हा सीटवरच्या एका किलोपेक्षा वाईट. हे वाचून आतेभाऊ एक जुना टायर घेऊन कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे गेला आणि त्याला वजन करायला सांगितलं. भंगारवाल्याने वजन केलं आणि पैसे काढून दिले. टायर परत मिळवण्यासाठी बरीच बोलाचाली झाली.

नॅनोच्या साइझमध्ये यातला एकही टायर निघत नाही, हे त्याला शेवटच्या पानावर कळलं. मिशेलिनचं नावही असंच बाद झालं. हॉटेलांना तारे देणारी जी प्रसिद्ध पुस्तिका आहे ती याच टायरवाल्यांची, १९०० सालापासूनची. लोकांनी जेवायला लांब लांब जावं आणि टायर झिजवावेत, इतका साधा हेतू. गिरगावात ही युक्ती फसली असती. इथे माणूस थालीपीठ खायला जास्तीत जास्त ठाकूरद्वारच्या सिग्नलपर्यंत जातो, तेही चपलांतून.

मग पावसाचा मुद्दा मी काढला. हा मुद्दा मला काढावाच लागतो, कारण दादरहून परळकडे जाताना पावसात तुंबणारं हिंदमाता लागतं. रुंद टायर आणि हलकी गाडी असली की पाण्यावर टायर तरंगतो, रस्ता सुटतो, स्टिअरिंग हातात नुसतं फिरतं. मात्र त्यालाही वेग लागतो. टायरमध्ये तीस पौंड हवा असेल तर ढोबळ मानाने ताशी नव्वदच्या आसपास. हिंदमाताला भर पावसात नव्वदने गेलेला इसम माझ्या ऐकिवात नाही. तिथे प्रश्न टायर तरंगण्याचा नसतो, अख्खी गाडी तरंगण्याचा असतो. आतेभावाने कागदावर गणित मांडलं. गाडी तीन मीटर लांब, दीड मीटर रुंद, वजन सहाशे किलो. पोटाखाली अठरा सेंटिमीटर मोकळे. म्हणजे फूटभर पाणी साचलं आणि दारं घट्ट असली, की डबीची होडी. महापालिकेने परळच्या सेंट झेवियर मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली पाणी साठवायला मोठाल्या टाक्या बांधल्या आहेत, त्यामुळे पूर्वीइतकं तुंबत नाही, हे मी त्याला सांगितलं. “पण मग उभ्या नक्षीचे घ्यायचे की आडव्या?” त्याने विचारलं. मी म्हणालो, वल्ही घे.

शेवटी टायर मिळाले. कुर्ल्याला, सीएसटी रोडवर, जिथे मुंबईतलं कुठलंही चाक शेवटी येतं. पुढचे १३५, मागचे १५५, पत्रिका ताजी. चारही एकाच कंपनीचे, कारण त्या दिवशी त्या साइझमध्ये तीच एक होती. कंपनी कुठली हे मी लिहीत नाही. मामा वाचतात. आतेभावाने तर टायर बसवतानाच कंपनीचं नाव आतल्या बाजूला घालून घेतलं, म्हणजे वाडीत वाद नकोत. चाक काढणाऱ्या पोराने नट मोजले, तीनच भरले, आणि चौथा शोधायला तो गाडीखाली शिरला. नॅनोला चाकामागे नटच तीन असतात. त्याला हे पटवून बाहेर काढेपर्यंत शेजारच्या गाड्यांची दोन पंक्चरं निघाली.

बिलात अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि रोटेशन असं पॅकेज होतं. पुढचे-मागचे साइझ वेगळे, तेव्हा रोटेशन होऊच शकत नाही, हे आम्ही सांगितलं. मालकांना ते पूर्ण मान्य होतं. पॅकेजचे पैसे मात्र तेच राहिले. नायट्रोजन भरायचा का, असं त्यांनी विचारलं. साध्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन असतोच, असं आतेभाऊ म्हणाला, आणि उरलेल्या बावीस टक्क्यांसाठी पैसे द्यायला त्याने नकार दिला. मग बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक फिरलं आणि पोराने रिमला दोन शिशाचे तुकडे ठोकले. आतेभाऊ किंचाळला. महिनाभर एकेक ग्रॅम वाचवण्याच्या गोष्टी केल्यावर त्याच्या देखत कुणीतरी लोटसच्या वर्गातल्या गाडीला वजन चिकटवत होतं. पोर म्हणालं, “नहीं तो हिलेगा.” तुकडे राहिले.

नवीन टायरांना पहिले दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून घ्यायचं असतं. साच्यातून सुटावेत म्हणून लावलेला बुळबुळीत थर जावा लागतो, तोवर पकड बसत नाही. या गाडीच्या दिनक्रमाने हे किलोमीटर दिवाळीपर्यंत पुरले असते. म्हणून आतेभावाने पुढल्याच रविवारी आम्हा सगळ्यांना कोस्टल रोडने न्यायचा बेत केला. ताशी ऐंशीची परवानगी असलेला एवढा एकच रस्ता त्याच्या घराजवळ आहे. बोगद्यात साठ आणि वळणांवर चाळीस. हेलकावा मिळालाच तर वळणावर मिळेल, आणि तो कायद्यात राहून, असा त्याचा विचार.

गाडी वाडीच्या तोंडाशी आली. हात दाखवायला दोन माणसं आली. आत्या सवयीने मागे बसायला गेली, तशी तिला त्याने अडवलं.

“आई, तू पुढे बस.”

“का? पुढे हा बसतोय ना?”

“हा नको, तू. पुढे वजन कमी पडतं. नुसत्या स्टेपनीने भागत नाही.”

आत्याने पर्स काखेत घट्ट धरली. तिच्या चेहऱ्याकडे बघून मी लगेच मागे सरकलो. ती काही बोलली नाही, सरळ चालत बस स्टॉपवर गेली. आम्ही गाडी हळूहळू तिच्या मागे मागे नेली. नवे टायर, सांभाळूनच. आतेभाऊ खिडकीतून विनवण्या करत होता, मागे टॅक्सीवाले हॉर्न देत होते. बस आली. पायरीवर चढून ती वळली आणि सगळ्या स्टॉपला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“हिला सहा टायर आहेत. मागे चार. कंपनी कुठली, ड्रायव्हरलासुद्धा माहीत नाही. आणि बायकांना बसायला वेगळी जागा आहे.”